कपाटावरचा स्पीकर

४ नोव्हेंबर

माझ्या भिंगरीला आजीचा एक गालगुच्चा, मग बाकीचं.

खोका पोचला. दोन माणसांनी घामाघूम होत तिसऱ्या मजल्यावर चढवला आणि त्यातला एक मला विचारतो, "आजी, भरलंय काय यात?" मी म्हटलं, "आवाज." त्यानं दुसऱ्याकडे बघून डोळे मिचकावले. म्हातारी चळली, असं वाटलं असणार. वाटू दे.

संध्याकाळी तुझा बाप आला, दारातच अडखळला. "आई, हे काय मागवलंस?" "मी कुठं मागवलं? तुझ्या मुलीच्या कंपनीनं माझा कान मागवलाय." मग त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. नवा माल दुकानात जायच्या आधी तुम्ही तो एका साध्या घरात पंधरा दिवस वाजवायला देता, आणि त्या घरातल्या माणसाची सही झाल्याशिवाय पुढं पाठवत नाही. आणि यंदाचं साधं घर म्हणजे मी! तुझा बाप म्हणाला, "तीन हाका मारल्या तरी ओ देत नाहीस, तू स्पीकर तपासणार?" अगं, मला तिन्ही हाका ऐकू येतात. पहिल्या हाकेला उठलं की लोक चौथं काम सांगतात, म्हणून बसून राहते. हे त्याला सांगू नकोस.

तर ऐक. दुसऱ्या दिवशी खोक्यातून पाच लहान भावंडं निघाली आणि एक जाडजूड मोठा. मोठ्याचं नाव मी घुम्या ठेवलं, कारण तो बोलत नाही, नुसता घुमतो. तू गेल्यावर तुझा कॉम्प्युटर माझ्याच खोलीत आहे, तिथंच टेबलावर. त्याच्या पाठीत रंगीत भोकं आहेत ना, हिरवं, काळं, नारिंगी? वायरींची टोकंही त्याच रंगांची. हिरव्यात हिरवं, काळ्यात काळं. हे ज्यानं शोधून काढलं त्याला माझ्यासारखी आजी असणार. तुझी आई मदतीला आली होती, पण तिनं आधी माहितीपुस्तक वाचायला घेतलं. मी म्हटलं, "तू वाच सावकाश," आणि ती चौथ्या पानावर असताना इकडे सगळं जोडूनही झालं.

मग जागा. चित्रात खुर्ची मधे, आणि पाचजण तिच्याभोवती कोंडाळं करून. मी चित्र टेबलावर सरळ ठेवलं आणि तसेच ठेवले. एक पडद्याच्या बरोबर खाली, दोन पडद्याच्या दोन बाजूंना, दोन मागे. मागच्यांना पुढून वायर नाही, हवेतून ऐकतात म्हणे. मागचा एक कपाटावर ठेवला, दुसरा खिडकीजवळच्या उंच स्टुलावर. स्टूल कपाटापेक्षा बुटकं, म्हणून त्याखाली तुझ्या जुन्या वह्यांचा गठ्ठा घातला. शेवटी तुझ्या गणिताचा उपयोग झाला.

सगळे खुर्चीपासून सारख्या अंतरावर हवेत, असं तू लिहिलंस. टेप सापडेना. लोकरीचा एक लांब धागा घेतला, एक टोक खुर्चीच्या पाठीला बांधलं, दुसरं घेऊन प्रत्येकाकडे गेले. कपाटावरचा चार बोटं लांब निघाला. कपाट काही हलत नाही, म्हणून खुर्चीच हलवली, आणि मग बाकीचे सगळे पुन्हा मापले. दुपार गेली. पण भिंगरे, असं काम करून कितीतरी वर्षं झाली गं! हात नुसते नाचत होते.

आणि मग लावलं. खोक्यात तू घातलेल्या तपासणीच्या तबकडीवरचा तो पहिला आवाज, कुणीतरी चालत येतं तो. पावलं माझ्या पाठीमागनं आली. मी वळून म्हटलं, "चपला बाहेर!" तुझी आई दारात उभी राहून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

तुमचा तपासणीचा कागद आता उद्यापासून भरते. फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येतो, आणि तुझा बाप शेजारी उभा राहून निम्मं बोलणं स्वतःच उरकतो. पत्र लिही.

तुझी
आजी


९ नोव्हेंबर

लाडक्या आजीस,

तुझं पत्र चाचणी खोलीत उभ्याउभ्याच वाचलं. "चपला बाहेर" वाचून मी इतक्या मोठ्यानं हसले की काचेपलीकडून साहेबांनी मान वर केली.

लोकरीच्या धाग्याचं तर मी सगळ्यांना सांगितलं. इथं लोक त्यासाठी लाल दिव्याचं यंत्र वापरतात आणि तरी दोन बोटं चुकतात.

आता कामाचं. घुम्याला भिंतीच्या कोपऱ्यात अगदी चिकटवू नकोस. कोपऱ्यात तो उगाच फुगतो, सगळंच जाड करून टाकतो. वीतभर बाहेर ओढ आणि पुन्हा ऐक. पडद्याखालचा जो आहे, त्याच्यातून माणसांचं बोलणं येतं. बोलणारा पडद्यातून बोलतोय असं वाटलं पाहिजे, टेबलाखालून नाही. आणि मागचे दोघं कधी जाणवताच कामा नयेत. ते आहेत हे विसरलीस, तर ते चांगले.

कागदावर प्रत्येक स्पीकरचा एक रकाना आहे: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचा डावा, मागचा उजवा, आणि घुम्या. प्रत्येकापुढे "ठीक" किंवा "ठीक नाही", आणि ठीक नसेल तर का ते. एवढंच. शेवटी सही.

आजी, एक सांगून ठेवते. हा संच सुरुवातीपासून माझ्याकडे असलेला पहिलाच. महिनाअखेरीला मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, आणि ते साहेब ठरवणार. म्हणून कागद वेळेत पाठव. बाकी मला काळजी नाही. यंत्रांवर सगळं स्वच्छ आलंय.

बाबांना सांग, तुझा कान कंपनीच्या खर्चानं चालू आहे.

तुझी
भिंगरी


१५ नोव्हेंबर

भिंगरीबाई,

कागद सोबत आहे. पाच ठिकाणी "ठीक", एका ठिकाणी "ठीक नाही". आता का, ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या त्या रकान्यात माझ्या दोन ओळीसुद्धा मावल्या नाहीत. रकाना करणाऱ्याला बोलायची सवय नसावी.

आधी चांगलं. घुम्याला वीतभर ओढला आणि काय सांगू, ओलं पोतं काढून घ्यावं तसा आवाज मोकळा झाला. तुझा बापसुद्धा चहाचा कप घेऊन आत आला, म्हणाला, "बरं वाजतंय की." मी त्याला खुर्चीत बसवला. तो हेलिकॉप्टरवाला आवाज लावला, डोक्यावरून गोल फिरतो तो. तुझ्या बापानं मान खाली घातली! एवढा थोराड माणूस! नंतर म्हणतो, मान आखडली होती.

मधलाही गुणी आहे. बोलणं पडद्यातूनच येतं. पुढचे दोघं सख्खे भाऊ, एकाचं दुसऱ्यापेक्षा कमी नाही, जास्त नाही.

आता मागचा डावा, कपाटावरचा. तबकडीवर सातवा आवाज आहे बघ, एकच जाड सूर हळूहळू वर चढत जातो. जिना चढणाऱ्या लठ्ठ माणसासारखा. चढता चढता एका पायरीवर कपाटावरचा बद्द बोलला. मी परत लावला. परत त्याच पायरीवर बद्द. खाली नाही, वर नाही, तिथंच.

तू म्हणशील कपाट वाजलं असेल. मलाही तसंच वाटलं. म्हणून त्याला खाली काढला आणि उशीवर ठेवून ऐकला. बद्द. मांडीवर घेऊन ऐकला. बद्द, आणि मांडीला गुदगुल्या. मग दोघा मागच्यांच्या जागा बदलल्या, हा स्टुलावर, तो कपाटावर. दोष कपाटाचा असता तर कपाटावर राहिला असता ना? तो याच्या मागोमाग स्टुलावर आला. मग पुन्हा जागच्या जागी ठेवले. तीन दिवस, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. आवाज लहान ठेवला तर येत नाही, मोठा केला की येतो.

तुझा बाप म्हणतो, "मला काही ऐकू येत नाही." तुझी आई म्हणते, "मला वाटतं येतं, पण तुम्ही सांगितल्यामुळे येत असेल." ही बाई खरं बोलते, म्हणून मला आवडते.

तुला माहीत आहे मी एकतीस वर्षं काय केलं ते. कपबश्यांच्या कारखान्यात निवडीच्या टेबलावर बसले. कप बोटावर अडकवायचा, लाकडी काडीनं टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर शिक्का, बद्द वाजला तर फुटका. डोळ्याला चीर दिसत नाही, पण कप सांगतो. दिवसाला हजारावर कप. अजून कुणाकडे चहाला गेले की आधी टिचकी मारते, आणि तुझा बाप माझ्या पायावर पाय देतो. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक बद्द कप बाहेर गेला नाही. तेव्हा तुझ्या साहेबांना सांग, हा स्पीकर फुटका आहे.

तुझी
आजी


२१ नोव्हेंबर

प्रिय आजी,

हे पत्र लिहिताना मला बरं वाटत नाही, म्हणून भराभर लिहिते.

तुझा कागद मी साहेबांना दिला. त्यांनी वाचला, आणि खरं सांगते, त्यांनी लगेच माल मागवलासुद्धा. गोदामातून मागचे डावे तीन आणले, उघडले, यंत्राला लावले, तुझा सातवा आवाज पंधरा वेळा वाजवला. काही नाही. मी कान लावून ऐकला. काही नाही. पट्टीनं रेघ मारावी तसा स्वच्छ.

मग साहेबांनी कागदाचा वरचा भाग वाचला. वय सत्त्याहत्तर, शिक्षण तिसरी. सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणजे आता आपण उशीवर ठेवून तपासायचं." लोक हसले. मीही हसले, आजी. मला त्याची लाज वाटते, पण हसले.

नवा कागद सोबत जोडला आहे. साहेबांनी सगळ्या रकान्यांत "ठीक" छापूनच पाठवलंय, तू फक्त खाली सही कर. चारशे संच गोदामात तयार आहेत, आणि तुझ्या सहीसाठी अडलेत. तुझ्याकडच्या एखाद्यात काही असेलही, एखादा निघतो तसा. तेवढ्यानं काही बिघडत नाही.

साहेब म्हणाले, "घरचं माणूस निवडलंत, तर घरचं माणूस सांभाळा." महिनाअखेरीला नऊ दिवस राहिलेत. एवढं माझ्यासाठी कर. नंतर मी रजा घेऊन येईन, आणि आपण दोघी मिळून त्या कपाटावरच्याला हवं तेवढं ऐकू.

तुझी
भिंगरी


२५ नोव्हेंबर

भिंगरे,

सही करणार नाही.

आधी हे लिहून टाकलं, म्हणजे पुढची बडबड तुला घाई न करता वाचता येईल.

तुझं पत्र तुझ्या बापानं वाचलं. म्हणाला, "आई, पोरीच्या पोटावर पाय देऊ नकोस. कर सही, काय जातंय?" तुझ्या आईनं नुसतं पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. मी पेन उघडलं, कागद सरळ केला, आणि परत तो सातवा आवाज लावला. बद्द. आता तूच सांग, कानात बद्द वाजत असताना हातानं "ठीक" कसं लिहू? माझे कान आणि माझे हात एकाच बाईचे आहेत.

तू हसलीस त्याचं मला काही नाही. मोठ्या माणसांच्या खोलीत सगळे हसले की आपलंही तोंड उघडतं. पण तिसरी शिकले म्हणून ज्याला हसू आलं त्याला सांग, तिसरीपर्यंत माझा हात शिकला. कानाला मुळात शाळाच नव्हती, तो सरळ कामाला लागला.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुझ्या आजोबांनाही सांगितली नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं की माझ्या टेबलावरून एक बद्द कप बाहेर गेला नाही. ते खोटं आहे. अकरा पेट्या गेल्या.

तुझा बाप पोटात होता, सातवा महिना. त्या आठवड्यात भट्टीचं काहीतरी बिनसलं होतं, आणि माल एका शाळेला जायचा होता. टिचकी मारली, बद्द. दुसरा, खणखणीत. तिसरा, बद्द. मी एका बाजूला काढत गेले, तर बाजूचाच ढीग मोठा झाला. मुकादम आला. समोर उभा राहून म्हणाला, "आज कान घरी विसरलीस काय? मार शिक्का." मी म्हटलं, "ऐका तरी." तो म्हणाला, "ऐकायला तुला ठेवलंय. ऐकू येत नसेल तर दुसरी आणतो." टेबलावर आम्ही बारा जणी. अकराजणींनी मान खाली घातली, आणि मग बारावीनंही घातली. दिवसभर शिक्का मारला. रात्री हाताला शाई होती ती दोन दिवस निघाली नाही.

त्या कपांचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. कुणी कागद पाठवला नाही, कुणी तक्रार केली नाही. गरम दूध भरलेला कप मुलाच्या हातात मोडला असेल, किंवा नसेलही. हेच वाईट. कळलं असतं तर एकदाच रडून मोकळी झाले असते. त्यानंतर मी जिथं जाईन तिथं कप वाजवते. तुम्ही सगळे हसता. तुम्हाला वाटतं म्हातारीची सवय. मी त्या अकरा पेट्या शोधते आहे.

तेव्हा तुझ्या पोटावर पाय येतो हे मला कळतं. पन्नास वर्षांपूर्वी माझ्याही पोटावर होता. मी सही केली तर तू कायम होशील आणि माझ्यासारखी होशील, आणि ते मला नको आहे. रागावलीस तर रागाव. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, तुझा राग उतरेपर्यंत जगायचा माझा विचार आहे.

तो मुकादम मात्र नमुना होता. आम्ही एका रांगेत बसायचो, तो टेबलाच्या पलीकडे, आमच्याकडे तोंड करून. तो म्हणायचा "डावी पेटी उचल", तर त्याच्या डाव्या हाताची, म्हणजे माझ्या उजव्या हाताची. नवी मुलगी आली की पहिला आठवडा उलट्याच पेट्या उचलायची आणि शिव्या खायची. मग अंगवळणी पडायचं. माणसाचा हात वेगळा आणि मालाची बाजू वेगळी. मालाची डावी म्हणजे समोरून बघणाऱ्याची डावी. मी अजून भांडी लावतानाही तसंच म्हणते, आणि तुझी आई सगळं उलट लावते. तिला कितीदा सांगितलं.

कोरा नाही, तुमचा छापील कागदच परत पाठवते आहे. सहीची जागा रिकामी आहे. बाकी तब्येत उत्तम.

तुझी
आजी


२९ नोव्हेंबर

आजी,

मी गाढव आहे. तुझ्याच भाषेत, शेपूट नसलेलं.

तुझं पत्र वाचत वाचत मुकादमापर्यंत आले आणि मधेच थांबले. टेबलाकडे तोंड करून खुर्चीत बसलं की कपाट उजव्या हाताला येतं! त्या खोलीत मी किती वर्षं अभ्यास केला. तू स्पष्ट लिहिलं होतंस, "कपाटावरचा". मी ते वाचलं, आणि तरी डावा म्हणून डावाच उघडायला लावला. तुझा डावा म्हणजे मालाचा डावा. इथल्या कागदावर तो मागचा उजवा.

आणि दोन्ही सारखे नाहीत, आजी. हवेतून आवाज पकडायची पट्टी फक्त उजव्यात असते, डावा त्याच्याकडूनच घेतो. उजव्याच्या पोटात वायरींची एक जुडी जास्त आहे.

काल जेवणाच्या सुट्टीत मी गोदामातून मागचे उजवे दहा आणले. यंत्राला लावले, सातवा आवाज वाजवला. काहीच नाही. मला रडू यायला लागलं. मग एकदम लक्षात आलं की आपण इथं तपासताना पाठीचं झाकण काढून ठेवतो, यंत्राच्या तारा आत लावता याव्यात म्हणून. तू थोडीच काढलं होतंस! झाकण लावलं, चारही स्क्रू घट्ट केले, आणि स्पीकर मांडीवर घेतला. तुझ्या त्याच पायरीवर, बद्द. दहांतल्या चारांत. झाकण बसलं की ती जुडी दबते आणि जाऊन आत थरथरणाऱ्या कागदी पडद्याला टेकते. यंत्राला दिसणारच नाही, कारण यंत्र बघतं तेव्हा झाकण नसतं.

साहेबांना बोलावलं. त्यांनी ऐकलं. त्यांना ऐकू आलं, आजी, मी त्यांचं तोंड बघत होते. मग म्हणाले, "दहांत चार. लोक खेळ खेळतात, सिनेमे बघतात. मांडीवर घेऊन कोण बसतं?" मी म्हटलं, "माझी आजी." कुणी हसलं नाही. ते म्हणाले, "चारशे झाकणं उघडायला दोन आठवडे जातील, तारीख दिलेली आहे. तुमच्याच घरच्या बाई आहेत, त्यांच्या नावानं तुम्हीच करून टाका सही."

मी तुझा पहिला कागद काढला, "ठीक नाही" लिहिलेला. "मागचा डावा" खोडून "मागचा उजवा" केलं, कारण तेवढी एकच चूक त्यात होती. खाली लिहिलं, "मी स्वतः ऐकलं," आणि माझी सही केली. तुझ्या नावाची नाही, माझ्या. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, दुसरी त्यांच्या वरच्या बाईंच्या.

मला कायम केलेलं नाही. अजून सहा महिने उमेदवारी. आणि आजपासून चाचणी खोलीत नाही, गोदामात खोकी मोजायला. चारशे खोकी आहेत तिथंच. मोजते आहे, आणि एकही दाराबाहेर गेलेलं नाही.

साहेब तुला स्वतः पत्र लिहिणार आहेत. घाबरू नकोस, असं लिहिणार होते, पण मग कुणाला लिहिते आहे ते आठवलं.

तुझी
भिंगरी


२ डिसेंबर

आदरणीय महोदया,

आमच्या संगणक-ध्वनिसंचाच्या घरगुती चाचणीस आपण दिलेल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. आपण नोंदवलेल्या निरीक्षणाची यथायोग्य दखल घेण्यात आली आहे. तथापि, सदर दोष सर्वसामान्य वापरात जाणवण्याजोगा नसल्याचे आमचे मत आहे. चाचणीचा कालावधी संपुष्टात आला असल्याने सोबतच्या अंतिम प्रपत्रावर स्वाक्षरी करून ते, तसेच संपूर्ण संच, आमच्या प्रतिनिधीच्या स्वाधीन करावा, ही विनंती. आपल्या नातीच्या कारकिर्दीच्या दृष्टीनेही ते हितावह ठरेल.

आपला,
चाचणी विभागप्रमुख


६ डिसेंबर

साहेबांना नमस्कार.

तुमचं पत्र माझ्या मुलानं मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं. तुम्ही चांगलं लिहिता. आमच्या मुकादमाला एवढं लिहिता येत नव्हतं, तो सरळ दम द्यायचा.

प्रपत्र परत पाठवते आहे, बिनसहीचं. संचही देणार नाही. तुमचा प्रतिनिधी आला होता. भला माणूस, त्याला चहा दिला, आणि रिकाम्या हातानं खाली पाठवला. माझा मुलगा दारात उभा होता. मला वाटलं आता हा मला समजावणार. तर तो त्या माणसाला म्हणाला, "आई नाही म्हणाली ना? मग नाही." त्याचा आवाज असा खणखणीत मी त्याच्या लहानपणानंतर आज ऐकला.

माझ्या नातीचं हित तुम्ही पत्रात घातलंत. त्याचं उत्तर देते. तुम्ही तिला खोकी मोजायला बसवलंत. ती मोजेल. तिला मोजता येतं, तिच्या गणिताच्या वह्या माझ्याकडे आहेत. पण चारशे मोजल्यावर ती तीनशे नव्याण्णव म्हणणार नाही, तुम्ही कितीही हितावह लिहिलंत तरी. आणि तिच्यावर राग काढायचा असेल तर पत्ता चुकला. सही माझी अडली आहे. माझा पत्ता पाकिटावर आहे.

तुम्ही म्हणता, जाणवण्याजोगं नाही. साहेब, तुम्हाला जाणवलं. माझ्या नातीनं तुमचं तोंड बघितलं आहे. जे तुम्हाला जाणवलं ते ज्याच्या घरी जाईल त्यालाही जाणवेल. तो सांगणार नाही, एवढंच. त्याला वाटेल माझाच कान बिघडला. चारशेंतल्या एकशे साठ घरांत लोक स्वतःच्या कानाला दोष देत बसतील, आणि ते मी होऊ देणार नाही. ज्याचा दोष त्याच्याच नावावर राहू दे.

माझं म्हणणं तुम्हाला पटत नसेल तर तुम्ही या. प्रतिनिधी नको, तुम्ही स्वतः. दिवसा या, कधीही. खोलीतलं काही हलवलेलं नाही. घुम्या भिंतीपासून वीतभर आहे, पाचही जण धाग्यानं मापलेले आहेत, स्टुलाखाली वह्या आहेत. तुम्हाला खुर्चीत बसवीन, पाठ टेकून, तोंड पडद्याकडे. आवाज एवढा मोठा लावीन की खालच्या मजल्यावरच्यांनाही ऐकू जाईल. सातवा आहे, सुरुवातीपासून चढत येतो. फार वेळ लागत नाही.

माझ्या घरच्यांना विचारा, मी पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत बोलते. झोपेतही बोलते म्हणतात. पण तेवढा वेळ मी भिंतीला टेकून उभी राहीन आणि तोंडातून एक अक्षर काढणार नाही. तुम्ही नुसतं ऐका.

आजी